पिन बसतीय ना?

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात पत्र्याचा एक डबा आहे. मूळचा बिस्किटांचा. झाकणावर कुठलासा राजवाडा आणि लाल डगल्यातले शिपाई अजून पहारा देत उभे आहेत. आत बिस्किटं नाहीत, हे पाहुण्यांच्या प्रत्येक पोराला एकदा तरी हिरमुसून कळलेलं आहे. आत चार्जर आहेत. एक ओढला की भुईमुगाचा वेल उपटल्यासारखे सगळे मातीसकट वर येतात.

यातले निम्मे कोणाचे, कशाचे, कधीचे, हे कोणालाच ठाऊक नाही. लग्नाच्या हॉलमध्ये काही माणसं असतात ना, मुलाकडच्यांना वाटतं ती मुलीकडची, मुलीकडच्यांना वाटतं ती मुलाकडची, आणि ती मात्र दोनदा मठ्ठा मागून घेतात. तसे हे. टाकून द्यावेत तर प्रत्येकाच्या पाठीवर कचरापेटीचं चित्र आणि त्यावर ठसठशीत फुली. घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या, असा त्याचा अर्थ. त्यातलं पहिलं वाक्य आम्ही गेली पंधरा वर्षं काटेकोर पाळतोय.

जुलैतल्या एका सोमवारी आमच्या राउटरचा अडॅप्टर गेला. रात्री लाइट चार वेळा ये-जा करत होते, त्यात तो बिचारा कधीतरी शांत झाला. सकाळचे पावणेदहा. दहाला बायकोची मीटिंग. मोबाइलच्या नेटवर मीटिंग करायची तर आमच्या घरात रेंज फक्त बाथरूमच्या खिडकीत येते.

"अरे, काहीतरी कर," बायको म्हणाली.

"डबा काढ की," आई देवघरातून म्हणाली. "पिन बसतीय ना तेवढं बघ. बसली म्हणजे झालं."

आईचं सगळं विद्युतशास्त्र या दोन वाक्यांत आहे. हसू नका. भिंतीपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. मिक्सर असो, इस्त्री असो, टेबलफॅन असो, सगळ्यांना तेच 230 व्होल्ट लागतात. बारीक पिना पाच अँपिअरच्या, जाड्या पिना पंधराच्या (छापील आकडे हल्ली 6 आणि 16 असतात, पण दुकानात कोणी तसं म्हणत नाही). गिझरची जाड पिन टेबललॅम्पच्या बारीक भोकांत जातच नाही, म्हणजे चूक करायची तरी सोय नाही. कोणी शहाण्याने पिनेच्या जाडीतच अक्कल भरून ठेवली होती. आईची चाळीस वर्षं त्या अकलेवर सुखात गेली. घोटाळा सुरू होतो तो अडॅप्टरच्या पलीकडच्या टोकाला. तिथे सगळ्यांच्या तोंडाला तीच गोल काळी पिन, आणि पोटात प्रत्येकाच्या वेगळं काहीतरी.

मी डबा उपडा केला. तिसऱ्या अडॅप्टरची पिन राउटरमध्ये अशी बसली, जशी काही त्याच्यासाठीच घडवली होती. टक्क. दिवा लागला नाही. मी पिन काढून पुन्हा घातली, कारण न चालणारी वस्तू दुसऱ्यांदा लावली की चालते अशी माझी श्रद्धा आहे. तरी नाही. तेवढ्यात चिरंजीव डोळे चोळत आले आणि म्हणाले, "बाबा, हा माझ्या गिटारच्या पेडलचा आहे."

बायको लॅपटॉप घेऊन बाथरूमकडे गेली.

वरच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत. सोसायटीत कुठेही काही जळालं की वासावरून खाली येतात. त्या दिवशी काही जळालं नव्हतं, तरी आले. त्यांनी अडॅप्टर उलटा केला आणि म्हणाले, "वाच."

वाचणार काय? काळ्या प्लॅस्टिकवर काळीच उठावाची अक्षरं. तांदळाच्या दाण्यावर गीता लिहिणारे कलाकार पोटासाठी पुढे याच कारखान्यांत लागले असावेत. चष्मा वर केला, खाली केला, खिडकीशी गेलो. शेवटी मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून बघायचं ठरवलं. मोबाइलमध्ये तीन टक्के चार्जिंग होतं. चार्जर डब्यात होता. डबा जमिनीवर सांडलेला होता.

यथावकाश अक्षरं दिसली. वरची ओळ इनपुटची: 100 ते 240 व्होल्ट, पुढे नागमोडी रेघ. म्हणजे भिंतीतून काय घेतो ते. खालची आउटपुटची: 9 व्होल्ट, पुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. म्हणजे पिनेतून काय देतो ते. नागमोडी म्हणजे एसी, दिशा बदलत राहणारी वीज; सरळ म्हणजे डीसी, एकाच दिशेने जाणारी. राउटरच्या पोटावर लिहिलं होतं 12 व्होल्ट, 1 अँपिअर.

"पण काका, यावर 600 लिहिलंय! राउटरला तर एकच पाहिजे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की दहावीच्या निकालाची आठवण झाली. "600 मिलिअँपिअर. हजाराचा एक अँपिअर होतो. तुझा हा सहाशे म्हणजे दशांश सहा. पुरता एकसुद्धा नाही."

मग त्यांनी मला पंगतीत बसवलं. अक्षरशः नाही, पण त्यांचा क्लास तसाच चालतो. "व्होल्ट म्हणजे वाढप्याचा जोर. अँपिअर म्हणजे पातेल्यात किती आहे ते. पातेलं मोठं असलं म्हणून तू जास्त जेवशील का? भूक असेल तेवढंच घेशील. म्हणून 1 अँपिअरच्या राउटरला 2 अँपिअरचा अडॅप्टर खुशाल लाव, तो आपला एकच घेईल. पातेलं लहान असेल तर मात्र वाढपी घामाघूम. अडॅप्टर तापतो, धापा टाकतो, एक दिवस बसतो. आणि जोर? जोर बरोबर तेवढाच हवा. कमी पडला तर पानात काही पडत नाही. जास्त झाला तर नको नको म्हणत असताना जिलेबी घशात. 12 व्होल्टवाल्याला लॅपटॉपचा 19 व्होल्टवाला लावून बघ, धूर निघेल."

"पण इथे तर दिवासुद्धा नाही लागला."

"कारण तू वाढप्याला उलटा उभा केलास." लेबलाच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. मध्ये टिंब, भोवती चंद्रकोर, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. मी इतकी वर्षं ते चंद्रबिंदू समजत होतो, काहीतरी मंगल असेल म्हणून. त्यात पिनेच्या मध्यभागी अधिक आहे की उणे ते सांगितलेलं असतं. राउटर, सेट-टॉप बॉक्स वगैरे मंडळींत बहुधा मध्ये अधिक असतो. गिटारच्या पेडलवाल्यांची रीत उलटी, 9 व्होल्ट आणि मध्ये उणे. "आत डायोड असेल, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा दरवान, म्हणून वाचलास," काका म्हणाले. वाचलो मी की राउटर, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

पिन बसणे या रोगाची परदेशी लागणही आमच्या घराने सोसली आहे. मावसबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनहून आली होती. विजेचं काही शिकायचं तर माणसाने खुद्द एडिसनमध्ये राहावं, याहून काय हवं? तिच्या फोनच्या चार्जरवर 100 ते 240 लिहिलेलं, त्यामुळे तो इथे सुखाने नांदला. त्याच विश्वासाने तिने केस वाळवायचं यंत्र काढलं. विमानतळावर घेतलेला पिनेचा जोड लावला, पिन झकास बसली. त्या जोडाने पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाहीत. यंत्र होतं फक्त 120 व्होल्टचं. व्होल्ट जवळजवळ दुप्पट झाले की तापणाऱ्या तारेतली शक्ती दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होते. बाराशे वॉटचं यंत्र क्षणभर साडेचार हजारांच्या आसपास जगलं. तो क्षण तेजस्वी होता. आई म्हणाली, "केस मात्र लगेच वाळले गं."

मध्यंतरी मला वाटलं, टाइप-सी आलं, आता सुटलो. एकच पिन, उलटी घाला, सुलटी घाला. युरोपने तर 2024च्या डिसेंबरपासून नव्या फोनना ती सक्तीचीच केली. म्हणजे शेवटी आईच जिंकली! पण इथले वाढपी भलतेच शिष्ट. चार्जर आणि फोन आधी आपसांत बोलणी करतात. पाच व्होल्ट चालतील? नऊ देऊ? पंधरा, वीस? लग्नाच्या याद्या व्हाव्यात तसं ठरतं आणि मगच वीज वाढली जाते. बोलणी फिसकटली तर पाचावर बोळवण. फोनच्या चार्जरला लॅपटॉप लावला, तर रात्रभरात दोन टक्के वाढले आणि सकाळी तो उघडताच चार उतरले. वायरसुद्धा साधी राहिली नाही. 3 अँपिअरच्या वर न्यायचं तर वायरच्या टोकात चिप लागते. आमच्या वेळी वायरीत तांबं असायचं.

या शिष्टपणाचा फटका मला अर्ध्या दाढीनिशी बसला. ट्रिमरला टाइप-सीचं तोंड. सकाळी डावा गाल झाला आणि तो बंद पडला. नव्या चार्जरला दोन्हीकडे सी असलेल्या वायरने जोडला, पिन बसली, दिवा नाही. काका म्हणाले, सी-वाला चार्जर मागितल्याशिवाय वाढत नाही, आणि मागण्यासाठी ट्रिमरमध्ये जे दोन चिमुकले रेझिस्टर लागतात ते बनवणाऱ्याने काही पैसे वाचवायला गाळलेत. जुना चौकोनी तोंडाचा चार्जर लाव, तो न विचारता वाढतो. तो डब्याच्या तळाशी होता. उजवा गाल दुपारी झाला.

तर राउटर. मीटिंगा बाथरूममधूनच चालू होत्या आणि बायकोच्या ऑफिसात आमच्या टाइल्सची तारीफ सुरू झाली होती. मी डब्यातल्या एकूण एक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने व्होल्ट, अँपिअर, मध्ये अधिक की उणे, सगळं लिहिलं. बारा व्होल्टचा एकही निघाला नाही. साडेतेराचा एक निघाला, तो कशाचा हे आजतागायत कळलेलं नाही.

बुधवारी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. राउटर बरोबर घे, असं बायको म्हणाली होती. मी म्हटलं, कशाला, आकडे पाठ आहेत.

"बारा व्होल्ट, डीसी, दोन अँपिअर, मध्ये प्लस," मी काउंटरवर हात टेकून सांगितलं. शेजारच्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे आदराने पाहिल्याचा भास झाला.

"पिन कुठली, काका?" पोरगा म्हणाला. काका!

"पिनेवर जाणारा माणूस मी नव्हे," मी म्हणालो. "तू लेबल दाखव."

त्याने खांदे उडवून अडॅप्टर दिला. मी चष्मा वर करून लेबल वाचलं, चंद्रबिंदू तपासला, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांकही बघितला. सगळं चोख. घरी आलो. काकांना हाक मारून खाली बोलावलं, कारण असा क्षण साक्षीदाराशिवाय वाया जातो. बायकोही बाथरूमबाहेर आली.

पिन राउटरच्या तोंडाशी नेली. बाहेरची जाडी तीच, साडेपाच मिलिमीटर. राउटरच्या आतला काटा अडीच मिलिमीटरचा. माझ्या पिनेचं भोक 2.1चं. मी दाबली, फिरवली, उलटी करून पाहिली. गोल पिन उलटी करून काय होणार होतं कोण जाणे. काका छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

आईने देवघरातून विचारलं, "काय रे, पिन बसतीय ना?"