कांद्याला कशाला दोष देता?

मे २०२१ मध्ये एक मेसेज घरोघरी पोचला: कांद्यावरची आणि फ्रिजच्या रबरावरची काळी बुरशी पोटात गेली की म्युकर, म्हणजे कोविडच्या काळात गाजलेला बुरशीचा आजार, होतो. सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेल्या, पेशंटच्या नातेवाइकांकडून तो अजून ऐकू येतो, वर तीन पुरवण्या जोडून. बुरशी फक्त शुगर आणि कोविडवाल्यांना होते. कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह म्हणजे बुरशी नाही. आणि बुरशीची औषधं लिव्हर खातात, सबब घेऊ नका.

कांद्याचं लवकर उरकतो. ती काळी भुकटी बहुतेकदा ॲस्परजिलस नायजरची. म्युकर करणाऱ्या बुरश्या वेगळ्या. साल काढा, धुवा, चिरा.

शुगरचं म्हणणं अर्धंच खरं. सिरॉसिसमध्ये जास्त करून गाठते ती कँडिडा नावाची बुरशी, आणि ती बाहेरून यावी लागत नाही, आपल्याच आतड्यात मुक्कामाला असते. जंतूंशी लढणारी बरीच प्रथिनं लिव्हरच बनवतं, ती कमी पडतात. पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. आतड्याची भिंत गळकी होते. त्यात अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स आणि मानेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. दारूने लिव्हरला आलेल्या तीव्र सुजेला (हिपॅटायटिस) स्टेरॉइड चालू असेल तर श्वासातून शिरणाऱ्या ॲस्परजिलसचीही भीती.

कल्चरवर विसंबणं सगळ्यात महागात पडतं. खोलवर पसरलेली कँडिडा रक्ताच्या कल्चरमध्ये जवळजवळ निम्म्या वेळा सापडतच नाही. म्हणून बीटा-डी-ग्लुकान, गॅलॅक्टोमॅनन या बुरशीचे अंश शोधणाऱ्या चाचण्या करतात, पोटातलं पाणी सुईने काढून तपासतात. या चाचण्याही फसतात, बरं का! अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून चढवलेलं असेल तर ग्लुकान उगाच वाढलेलं दिसू शकतं, आणि या पेशंटना अल्ब्युमिन तर वरचेवर चढतं. एका कागदावरून निकाल लावता येत नाही, तो यामुळे.

राहिली औषधं. तोंडाने घ्यायच्या किटोकोनॅझोल या बुरशीच्या औषधाने लिव्हर बिघडतं, हे खरंच. २०१३ मध्ये युरोप-अमेरिकेने त्यावर टाच आणली. व्होरिकोनॅझोललाही जपावं लागतं, रक्तातली पातळी मोजत द्यावं लागतं. पण कँडिडासाठी आधी हात जातो तो कॅस्पोफंजिनच्या गटाकडे, आणि ती औषधं लिव्हरला बरीच सोसतात. मध्यम बिघाडात कॅस्पोफंजिनचा रोजचा डोस ५० ऐवजी ३५ मिलिग्रॅम करतात, एवढंच. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या दुसऱ्या इंजेक्शनची झळ मुख्यतः किडनीला. मेडिकलमधून परस्पर गोळी आणणं चूकच, पण डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन मेसेज वाचून नाकारणं त्याहून वाईट.

या पेशंटना ताप येईलच असं नाही. अँटिबायोटिक चालू असूनही क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) चढतंय, पेशंट बरळतोय, बीपी उतरतंय, असं दिसलं तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘बुरशीचं पाहिलंत का?’