मोबाईलवरची रोझरी: खानापूरच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली फक्त ‘खानापूरचा जुना वाचक’ असं आहे, आणि नातवंडांचा उल्लेख आहे, म्हणून काका म्हणतो. ‘हॅलो’ (Hallow) या कॅथलिक प्रार्थनेच्या ॲपवरचा माझा लेख तुम्हाला रुचला नाही. तुमचं म्हणणं असं, की हा अमेरिकन कंपनीचा धंदा आहे. इअरफोन लावून एकट्यानं म्हटलेली रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, ही रोझरीच नव्हे, ती घरातल्या वेदीपुढं सगळ्या घरानं मिळून म्हणायची असते. आणि माझ्यासारखे शिकलेले लोक असल्या गोष्टींचं कौतुक करू लागले की खेड्यातल्या मराठी घरांना आपलीच प्रार्थना कमी वाटायला लागते. हे शेवटचं वाक्य मनाला लागलं. म्हणून उत्तर लांबलंय.

धंद्याचं आधी उरकतो. होय, ती कंपनीच आहे. २०१८ मध्ये निघाली, पीटर थील यांच्यासारख्या बड्या गुंतवणूकदारांचा पैसा तिच्यात आहे, काही भाग फुकट आणि बाकीचा वर्गणी भरून मिळतो. २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तिनं जाहिरात केली आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताना ॲपलच्या ॲप्सच्या यादीत ती पहिल्या नंबरावर गेली. हे ज्याला खटकतं त्यानं ते वापरू नये. आयर्लंडच्या जेझुइट धर्मसंघाचं ‘सेक्रेड स्पेस’ हे प्रार्थनेचं संकेतस्थळ १९९९ पासून आहे, ब्रिटनच्या जेझुइटांचं ‘प्रे ॲज यू गो’ २००६ पासून. दोन्हींना एक पैसा लागत नाही. सलग किती दिवस प्रार्थना केली याचा हिशेब ‘हॅलो’ दाखवतं, त्यावर तुम्ही चिडलात ते मात्र अगदी बरोबर. देवापुढं हजेरीपट मांडायचा नसतो. ॲप घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी त्या सूचना बंद कर.

आता माझी बाजू. त्या ॲपमध्ये बायबलातल्या शुभवर्तमानाचा एक छोटा उतारा सावकाश वाचला जातो. मग तोच परत. एखादा शब्द मनात अडकला तर तिथंच थांबा म्हणतात, आणि आवाज थांबतो. नुसती शांतता. ही पद्धत कुणा इंजिनिअरनं काढलेली नाही. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थुसियन संघाच्या मठाधिपतीनं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. ॲप काढणाऱ्यांपैकी ॲलेक्स जोन्स हा स्वतः श्रद्धेपासून लांब गेलेला माणूस. साधी ध्यानाची ॲपं वापरता वापरता त्याला ही आपल्या चर्चमधली जुनी वाट सापडली, आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं.

मला सांगा काका, ही वाट आपल्या लोकांना कुणी दाखवली? बेळगावात सेंट पॉल्ससारखी जेझुइटांची मोठी शाळा आहे. जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नासियोची रात्रीची झडती, म्हणजे झोपण्याआधी दिवस देवासमोर उलगडून बघणं, ती शिकलेले किती बाप्ये आपल्या ओळखीत आहेत? आपण पाठांतर चोख केलं, चर्चमधली मिस्सा (मुख्य उपासना) चुकवली नाही, चर्चचं फेस्त थाटात केलं. गप्प बसायला मात्र शिकलो नाही. उद्यमबागच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभा राहणारा पोरगा बसमध्ये दहा मिनिटं हे ऐकत असेल, तर त्याच्या कानातल्या इअरफोनचं मला वाईट वाटत नाही.

रोझरी मिळून म्हणावी, यावर तुमचं-माझं दुमत नाहीच. पण मिळून म्हणायला घरात आहे कोण? आमच्या गल्लीत एक म्हातारी आई राहते. मुलगी आखातात नर्स, मुलगा पुण्यात रात्रपाळीला. संध्याकाळी ती वेदीजवळ स्टीलच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवते आणि व्हिडिओ कॉलवर तिघं मिळून जपमाळ करतात. ‘नमो मरिये’ आई म्हणते, ‘पवित्र मरिये’ मुलांनी म्हणायचं. नेटमुळे आवाज थोडा मागून येतो, त्यामुळे आईचं पुढचं ‘नमो मरिये’ आणि मुलीचं आधीचं ‘आमेन’ एकमेकांवर पडतं. आई थांबत नाही. पदराखाली मण्यावरचं बोट सरकत राहतं. मुलीची ड्युटी असते त्या दिवशी ती सुटीच्या वेळात ॲप लावून एकटीच म्हणते, आणि ‘झाली माझी’ असा मेसेज टाकते. तुमच्या मोजपट्टीनं यातली खरी रोझरी कुठली? मला दोन्ही खऱ्या वाटतात.

कोरोनात शिनोळीची महाराष्ट्र-कर्नाटक हद्द बंद होती तेव्हा चंदगडकडच्या माणसांना बेळगाव लांबचं झालं होतं, आणि चर्चलाही कुलूप. त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच मोबाईलवर मिस्सा पाहिली. ती पाहणं आणि ख्रिस्तप्रसाद घेणं एक नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. ‘उद्या पापनिवेदनही फोनवर होईल’ ही तुमची भीतीही अशीच सोडून द्या. २०११ मध्ये त्या विषयाचं एक ॲप आलं तेव्हाच व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी स्पष्ट सांगितलं, की ॲप तयारीला चालेल, पण संस्कार धर्मगुरूसमोरच.

राहिलं ते मनाला लागलेलं वाक्य. खेड्यातल्या घरांना आपली प्रार्थना कमी का वाटते? यंत्रामुळे नव्हे. ‘हॅलो’ इंग्रजीत आहे, स्पॅनिशमध्ये आहे, पोर्तुगीजमध्ये आहे, पोलिशमध्ये आहे. मराठीत नाही. पोरांना त्या गुळगुळीत अमेरिकन आवाजात देव भेटतो आणि आजीच्या आवाजात भेटत नाही, कारण आजीचा आवाज आपण कुठं ठेवलेलाच नाही. दोष द्यायचा तर इथं द्या, आणि तो कंपनीच्या नव्हे, आपल्या पदरात पडतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्यानं मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. छापखाना हे त्या काळातलं नवं यंत्र, आणि ते परक्यांनीच आणलेलं. त्या छापील प्रतींतली आज एकही हाती नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. म्हणजे यंत्र कुणाचं यानं फारसं बिघडत नाही. घरातल्या माणसांनी ते आपलं करून घेतलं की नाही, यावर सगळं ठरतं.

तुम्ही लिहिलंय, की उपवासकाळात क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या मरणयात्रेच्या प्रार्थनेला, म्हणायची जुनी मराठी गीतं तुम्हाला चालीसकट पाठ आहेत आणि तुमच्या नातवंडांना त्यातली एकही येत नाही. रोझरीही तुमच्या घरात जुन्याच वारांनी चालते, गुरुवारी आनंदाची रहस्यं (रहस्यं म्हणजे रोझरी म्हणताना मनात धरायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग). दुसऱ्या जॉन पॉल पोपनी २००२ मध्ये प्रकाशाची रहस्यं घातली आणि गुरुवार त्यांना दिला, ते तुमच्याकडं पोचलेलं दिसत नाही. असू दे, तुम्ही म्हणता तशीच हवी.

मी खानापूरला यायला तयार आहे. वेदीपुढं बसून तुम्ही म्हणा, काकूंनी आणि नातवंडांनी मागून म्हणावं, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. चालेल तेवढी गीतंही घेऊ. मग आवाजाच्या साध्या फायली व्हॉट्सॲपवरून वाटू: नंदगडला, संतिबस्तवाडला, आणि त्या नर्स पोरीला आखातात. ज्याला कानात घालून ऐकायचंय तो कानात घालील, ज्याला घरात मोठ्यानं लावायचंय तो तसं लावील. वार तुम्ही सांगा. तेवढा वेळ पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, रेकॉर्डिंगमध्ये त्याचाच आवाज सगळ्यात जास्त येतो.