दहावा नंबर कोणाचा: एकच स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

राम राम भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून त्यातलं थोडक्यात सांगतो. रावेर भागात तुमचा केळी ग्रुप आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) तुम्ही वर्षभरात सगळ्यात जास्त गाड्या माल देणाऱ्या 10 शेतकऱ्यांचा सत्कार ठेवला. आमच्या सॉफ्टवेअरमधून यादी काढली, निमंत्रणं वाटली, बॅनर छापला. आदल्या दिवशी पुन्हा यादी काढली तर दहाव्या जागी दुसरंच नाव. दोघांच्याही गाड्या 27. आमच्या ऑफिसला फोन केला तर ‘तुमची एन्ट्री चुकली असेल’ असं उत्तर मिळालं. तुम्ही लिहिलंत, ‘बोगस सॉफ्टवेअर, माणसं बघून नावं काढतं.’

एन्ट्री तुमची बरोबर होती. चूक आमची आहे. फोनवर तुम्हालाच चुकीचं ठरवलं, त्याची माफी आधी मागतो. फोन उचलणारा मुलगा नवा होता हे कारण मी देणार नाही, कारण ते उत्तर त्याला आम्हीच शिकवलं होतं.

‘तांत्रिक अडचण होती’ म्हणून विषय मिटवला तर माणसं बघितल्याचा संशय तुमच्या मनातून जाणार नाही, म्हणून नीट सांगतो. आमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, एवढीच होती: ऑर्डर बाय लावून शेतकरी गाड्यांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि लिमिट 10 लावून वरच्या 10 ओळी घ्यायच्या. नवव्या शेतकऱ्यापर्यंत सगळं सरळ होतं, त्यांच्या 28 गाड्या. पुढे दोघे 27 वर. या दोघांत आधी कोण, हे आम्ही क्वेरीत कुठेच सांगितलं नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं त्या मायएसक्यूएल डेटाबेसचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं की ऑर्डर बायच्या कॉलममध्ये आकडा सारखा असेल तर त्या ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नाही. मधल्या दिवसांत तुम्ही काही जुन्या पावत्या दुरुस्त केल्या होत्या. डेटाबेसने ओळी वेगळ्या वाटेने वाचायला एवढंही पुरतं. त्याने कोणाची बाजू घेतली नाही, पण 27 गाड्या देणाऱ्या माणसाला मुकाट्याने कापलं, आणि कापलं हे तुम्हाला कळूही दिलं नाही. मला लागलं ते हेच.

सोपी दुरुस्ती हाताशी होती. ऑर्डर बायमध्ये खाते क्रमांक जोडला की यादी रोज तीच आली असती आणि तुमची तक्रारही थांबली असती. पण मग ज्याचं खातं आधी उघडलं तो दर वर्षी आत आणि नंतर आलेला दर वर्षी बाहेर. खाते क्रमांकाचा आणि मालाचा काय संबंध? लांब यादी स्क्रीनवर पानापानाने दाखवायला खाते क्रमांक लावणं योग्यच, पण सत्कार कोणाचा हे त्यावर ठरू नये. म्हणून ते केलं नाही.

दुसऱ्या काही डेटाबेसमध्ये याची तयार सोय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉपला (तिथलं लिमिट) ‘विथ टाइज’ जोडलं की शेवटच्या ओळीशी बरोबरी असलेले सगळे येतात. पोस्टग्रेसमध्ये ही सोय 13 व्या आवृत्तीत, 2020 साली आली, मारियाडीबीत 10.6 मध्ये. मायएसक्यूएलच्या लिमिटला ती जोड नाही. नंबर लावून देणारी रँकसारखी फंक्शन्स तिथे 8.0 आवृत्तीपासून आहेत, पण तुमच्या कॉम्प्युटरवर 5.7 आहे. म्हणून आम्ही जुनीच रीत वापरली: आधी दहाव्या ओळीचा आकडा काढायचा आणि मग तेवढ्या किंवा त्याहून जास्त गाड्या असलेले सगळे घ्यायचे. शेतकरी 10 पेक्षा कमी असतील तर दहावी ओळच सापडत नाही आणि यादी कोरी येते, तेही सांभाळलं आहे. तुमच्या डेटावर चालवून पाहिलं. 11 नावं आली, आणि खाली ओळ येते: ‘दहाव्या क्रमांकावर 2 जण बरोबरीत.’

एक गोष्ट मात्र तुम्हीच ठरवायची आहे. तुमच्या यादीत पहिल्याच्या 34 गाड्या, मग दोघांच्या 32, मग एकाच्या 31. रँकने मोजलं तर नंबर 1, 2, 2, 4 पडतात, म्हणजे तिसरं बक्षीस कोणालाच नाही. डेन्स रँकने मोजलं तर 1, 2, 2, 3. दोन्ही बरोबर आहेत, आणि प्रोग्रामरने परस्पर एक निवडून टाकणं चूक आहे. म्हणून रिपोर्ट काढताना आता ते विचारलं जाईल. डेन्स रँकने ‘पहिले 10 नंबर’ घेतले तर माणसं 15-20 ही भरू शकतात, तेवढं मांडवाच्या तयारीआधी बघून घ्या. बरोबरी वजनाने सोडवायची असेल तर गाड्यांनंतर क्विंटल लावता येतील. फक्त आकडा दशांशासकट घ्या. आमच्या छापील रिपोर्टमध्ये क्विंटल दशांश काढून, जवळच्या पूर्ण आकड्यात येत होते आणि त्यानेही खोटी बरोबरी दिसते. ते बदललं आहे.

सोमवारी आमचा माणूस येऊन नवी आवृत्ती टाकून जाईल, पैसे नाहीत. 27 गाड्या असूनही ज्यांचं नाव बॅनरवर नव्हतं त्या एका शेतकऱ्यासाठी आमच्या लेटरहेडवर पत्र तयार आहे: त्यांच्या गाड्या 27 च होत्या, ग्रुपने त्यांना डावललं नव्हतं, यादी आमच्या चुकीने तुटली. पत्र पोस्टाने पाठवणं मला बरं वाटत नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी जळगावहून येतो, आपण दोघं त्यांच्या घरी जाऊ.