बायको परदेशात, नवरा फाइलमध्ये

सगळ्यात आधी तुमचं अभिनंदन. लग्न झालंय, आपलं माणूस कॅनडात आहे, आता एक अर्ज टाकायचा आणि पुढच्या विमानात बसायचं असं तुम्हाला वाटतंय ना? वाटू द्या. हा काळ फार गोड असतो, एक-दोन आठवडे टिकतो. त्यानंतर कळतं की तुम्ही नवरा-बायको वगैरे काही नाही, ती स्पॉन्सर, म्हणजे तुमची हमी घेऊन बोलावणारी, आणि तुम्ही प्रिन्सिपल अप्लिकंट, म्हणजे मुख्य अर्जदार, आणि तुमचं खरंच लग्न झालंय की नुसतेच फोटो काढलेत हे एक ऑफिसर ठरवणार आहे, ज्याला तुम्ही कधी बघितलेलं नाही आणि बहुतेक बघणारही नाही.

मी याच लाइनीत उभा आहे, बायकोने मला स्पॉन्सर केलंय, त्यामुळे अनुभवाचे बोल फुकट वाटायचा हक्क मला पोचतो. स्पॉन्सर हा शब्द नातेवाइकांसमोर मात्र जपून वापरा, माझ्या मामांना अजून वाटतंय की माझी कुठलीतरी क्रिकेटची टीम आहे.

सुरुवात फॉर्मपासून करा. डाउनलोड करून ब्राउझरमध्ये उघडा, पांढऱ्या पानावर इंग्रजीत येईल, प्लीज वेट. मी खरंच थांबलो. आंघोळ करून आलो तरी प्लीज वेट, दोन ऑफिस मीटिंगा झाल्या तरी प्लीज वेट, मग एका मित्राने सांगितलं की अरे येड्या तो फॉर्म ब्राउझरमध्ये उघडतच नाही, अडोबी रीडर लागतो. तेव्हा स्वतःवरच चिडलो होतो. पण आता वाटतं की अख्ख्या प्रोसेसमध्ये तेवढं एकच पान निघालं ज्याने पहिल्याच दिवशी तोंडावर खरं ते सांगितलं.

मग येतं शेड्यूल ए. यात तुमचा गेल्या १० वर्षांचा हिशोब द्यायचा, महिन्यामहिन्याचा, एकही महिना मोकळा सोडायचा नाही. एक नोकरी सोडल्यावर दुसरी लागेपर्यंत तीन महिने तुम्ही घरात लोळत होतात ना, तेही लिहायचं, अनएम्प्लॉइड म्हणून. मी तर ते तीन महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचो आणि लायब्ररीत बसायचो, आई-बाबांना आजतागायत पत्ता नाही. म्हणजे जी गोष्ट जन्मदात्यांना सांगितली नाही ती एका परक्या सरकारला सही करून सांगितली, आणि वर डिक्लेअर केलं की हे सगळं खरं आहे.

पण हे काहीच नाही, खरी मजा आयएमएम ५५३२ मध्ये आहे. हा नात्याचा फॉर्म. कसे भेटलात, कुणी ओळख करून दिली, प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी आणि कुठे भेटलात, नातं कसं पुढे गेलं, घरच्यांना माहीत आहे का. आता तुम्ही म्हणाल यात काय अवघड आहे. करून बघा. दोघांनी वेगवेगळं बसून पहिल्या भेटीची तारीख लिहा. माझ्या मते आम्ही डिसेंबरात भेटलो, तिच्या मते नोव्हेंबरात, कारण नोव्हेंबरात ती एका मैत्रिणीच्या घरी होती तिथे मी म्हणे दहा मिनिटं चार्जर न्यायला आलो होतो आणि तिच्याकडे बघितलंही नव्हतं. ते न बघणं तिच्या हिशोबात पहिली भेट आहे. यावर आमचे तीन दिवस गेले. सल्ला लिहून घ्या, तारीख बायकोची धरायची, फॉर्ममध्येही आणि नंतरही.

आता फोटो. हल्लीच्या चेकलिस्टप्रमाणे जास्तीत जास्त २०. तुमच्या लग्नात फोटोग्राफरने चौदाशे काढलेत आणि त्यातल्या हजारात हॉलचं डेकोरेशन आहे, ते विसरा. दोघं पाहिजेत, घरची माणसं पाहिजेत, कधीचा आहे, कुठला आहे, कोण आहे हे कळलं पाहिजे. इथे आमची गाडी अडली. प्रत्येक चांगल्या फोटोत मागे पिवळ्या शर्टातले एक गृहस्थ उभे आहेत, अगदी घरचे असल्यासारखे, एका फोटोत तर माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून. आम्हाला वाटायचं तिच्याकडचे, त्यांना वाटायचं आमच्याकडचे. बायको म्हणाली लिहून टाक फॅमिली फ्रेंड. मी लिहिलंही. मग रात्री वाचलं की खोटी माहिती दिली तर अर्ज तर जातोच पण ५ वर्षांची बंदी बसू शकते, आणि मला झोप लागेना, एका अनोळखी माणसाच्या फुकटच्या जेवणापायी ५ वर्षं. शेवटी पिवळा शर्ट नसलेले वीस फोटो शोधण्यात अख्खा रविवार गेला. ज्यांची लग्नं अजून व्हायचीत त्यांनी दारातच प्रत्येकाचं नाव आणि नातं विचारून घ्या, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

(पीआरसाठी, म्हणजे तिकडे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, तुमचा एकट्याचा फोटो लागतो तो वेगळा, ५० बाय ७० मिलिमीटर, चेहरा निर्विकार. वीस फोटोंत प्रेमाने हसायचं आणि एकविसाव्यात मेल्यासारखं बघायचं, जमतं हळूहळू.)

फोटो झाले की चॅट. चॅटची जास्तीत जास्त १० पानं. तुमचं तीन वर्षांचं बोलणं दहा पानांत बसवा. मी आमचं चॅट उघडून बसलो आणि पोटात गोळा आला. जेवलास? हो. तू? हो. झोपते. ओके. दुसऱ्या दिवशी, जेवलास? हो. असं महिनोन्‌महिने. मधे एकदा तिने विचारलंय, पासपोर्ट स्कॅन केलास का, मी म्हटलंय करतो, मग अकरा दिवसांनी परत तेच, परत करतो. आता मला विचाराल तर हेच लग्न आहे, याहून अस्सल पुरावा जगात मिळणार नाही, पण ऑफिसरला कसं कळणार? म्हणून तुम्ही आजपासूनच ऑफिसरला डोळ्यांसमोर ठेवून चॅट करत जा. "प्रिये, आपल्या अमुक तारखेला झालेल्या विवाहानंतर, ज्याला दोन्ही कुटुंबं हजर होती, मला तुझी फार आठवण येते आहे" असं. बायको विचारेल बरं आहे ना, तिला सांगा पान चारसाठी आहे.

कॉल लॉगही जोडा. आमच्या लॉगमधला सगळ्यात मोठा कॉल २ तास १४ मिनिटांचा आहे. तो भांडणाचा होता, त्यातली पहिली चाळीस मिनिटं माझ्या पासपोर्टवरचं आडनाव नेमक्या कुठल्या चौकटीत टाकायचं यावर. लॉगमध्ये फक्त वेळ दिसते, विषय दिसत नाही. देव आहे म्हणतात तो असा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण फार खोलात गेलं की माणूस लग्नाकडे वकिलाच्या नजरेने बघायला लागतो. त्यांच्या रेग्युलेशनमधलं चौथं कलम म्हणतं की लग्न खरं पाहिजे आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं नको. २०१० च्या आधी नापास करायला लग्न खोटं आहे आणि ते इमिग्रेशनसाठीच केलंय, या दोन्ही गोष्टी ठराव्या लागायच्या, त्या वर्षी "आणि"चं "किंवा" केलं, आता कुठलीही एक पुरते. म्हणजे आज तुमचं कितीही गुळपीठ असलं तरी लग्नाच्या दिवशी तुमच्या मनात काय होतं हा प्रश्न उरतोच. माझ्या मनात त्या दिवशी भूक होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण तसा ऑप्शन फॉर्ममध्ये नाहीये. आणि हो, फोनवरून किंवा व्हिडिओवरून लग्न लावायचा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका, ११ जून २०१५ पासून तसलं लग्न चालत नाही, दोघांना प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. लग्नाला हजर राहा एवढीच अट आहे, नंतर वर्षभर एकमेकांच्या तोंडाला तोंड नसलं तरी चालतं, उलट तशीच सोय केलेली आहे.

आता सगळ्यात अवघड आसन. फाइल चालू असताना तुम्हाला वाटेल की निदान महिनाभर तिच्याकडे जाऊन यावं. जा की, व्हिजिटर व्हिसा टाका. फक्त एक करा, दोन्ही अर्ज एकाच दिवशी लिहायला बसू नका, डोकं फिरेल. स्पॉन्सरशिपच्या अर्जात सिद्ध करायचंय की मी हिच्याशिवाय राहू शकत नाही, मला कायमचं तिकडेच राहायचंय, आमचं आयुष्य तिथेच आहे. व्हिजिटरच्या अर्जात त्याच देशाला सिद्ध करून द्यायचं की महिना संपला की मी हिला टाकून आनंदाने परत येणार आहे, मला परत यायला इथे नोकरी आहे, घर आहे, म्हातारे आई-बाप आहेत, बायको काय, असते एकेकाची. कायद्यात याला ड्युअल इंटेंट, म्हणजे दुहेरी हेतू, म्हणतात आणि ते चालतं असं कलम २२ मध्ये चक्क लिहिलेलं आहे. तरीही व्हिसा नाकारताना कारण देता येतं की कॅनडात तुमचे कौटुंबिक संबंध आहेत, त्यामुळे तुम्ही परत जाल असं वाटत नाही. म्हणजे ज्या बायकोच्या जोरावर आत जायचं तीच दारात आडवी. एका ओळखीच्या जोडप्याच्या हातात हे पत्र आलं तेव्हा तो बिचारा पहिल्यांदा खूश झाला, म्हणाला बघ, त्यांना पटलंय आपलं नातं खरं आहे.

बायकोने जे अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र, दिलंय तेही वाचून ठेवा, मला त्याने फार धीर आला. मी पीआर झाल्यापासून ३ वर्षं माझं खाणं, कपडे, राहणं, आणि सरकारी आरोग्य योजनेत न बसणारं दात-डोळ्यांचं काम, सगळ्याची हमी तिची. माझी अक्कलदाढ आता कायदेशीररीत्या तिच्या जबाबदारीत येणार. आणि यातलं सर्वात सुंदर कलम असं की मधेच घटस्फोट झाला तरी अंडरटेकिंग सुटत नाही. लग्न मोडता येतं, हमी मोडता येत नाही. सही करताना ती पेन हातात धरून किती वेळ बसली होती ते मी व्हिडिओवर बघितलंय, नेटवर्क गेलंय असं समजून मी हॅलो हॅलो करत होतो.

कॅनडाला नावं ठेवतोय असं समजू नका, इतर ठिकाणी सासुरवास वेगळ्या प्रकारचा आहे एवढंच. ब्रिटनमध्ये आधी स्पॉन्सरची कमाई बघतात, २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड पुरायचे, एप्रिल २०२४ पासून नवीन अर्जदारांसाठी २९,००० केले, म्हणजे प्रेम तेच, पगार कमी पडला. जर्मनीला जायचं असेल तर बहुतेकांना आधी ए-वन लेव्हलचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन शिकावं लागतं, बायकोशी भांडण मातृभाषेत असलं तरी. अमेरिकेत लग्नाला २ वर्षं पूर्ण व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते कंडिशनल असतं, दोन वर्षांनी परत पुरावे घेऊन या, अजून एकत्र आहात का दाखवा. आणि कॅनडातच पण क्युबेकमध्ये बायको असेल तर तुमचं नशीबच थोर, तिथे जून २०२४ पासून दोन वर्षांसाठी फॅमिली स्पॉन्सरशिपचे १३,००० च अर्ज घ्यायचे असं ठरलं. कोटा संपला की विरह.

फाइल सबमिट झाली की मग काम काहीच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं होतं की बहुतेक अर्ज १२ महिन्यांत काढू, ते बारा महिने लोक अजून जपमाळेसारखे मोजतात. या काळात पोर्टल उघडायचं, इन प्रोग्रेस वाचायचं, बंद करायचं, परत उघडायचं. मेडिकल १२ महिनेच चालतं, त्यामुळे उशीर झाला तर परत जाऊन छाती फुगवून एक्स-रे काढायचा. फारच चैन पडेना तर तिला ५ डॉलर भरून जीसीएमएस नोट्स मागवायला सांगा, म्हणजे ऑफिसरने फाइलमध्ये तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते. आमच्या नोट्स आल्या तेव्हा आम्ही दोघं रात्री जागून एकेक शॉर्टफॉर्म सोडवत बसलो, शब्दकोड्यासारखं, आणि खरं सांगू का, गेल्या सहा महिन्यांतली तीच आमची सगळ्यात छान संध्याकाळ होती. तिची सकाळ होती म्हणा.

शेजारीपाजारी विचारतील, व्हिसा कुठपर्यंत आलाय, जणू गाडी आहे आणि मागच्या स्टेशनवरून सुटलीये. सांगायचं सिग्नलला थांबलीये.

परवा पहाटे तीनला ईमेल आला. काळजात धस्स झालं, उघडला तर नात्याचे ताजे पुरावे मागितलेत, अर्ज केल्यानंतरच्या काळातले, ३० दिवसांत पाठवा. आता अर्ज केल्यापासून मी इथे, ती तिथे, नात्याचा ताजा पुरावा म्हणजे दोन चौकोनांतली दोन डोकी. लगेच तिला व्हिडिओ कॉल लावला, ती ऑफिसात जेवायच्या सुट्टीत होती, म्हणाली थांब स्क्रीनशॉट घेते. मी केस सारखे केले, ताठ बसलो, मस्तपैकी हसलो. ती बघत राहिली आणि म्हणाली, "इतका खूश नको दिसूस रे, जरा कंटाळल्यासारखा बस, नवरा वाटायला पाहिजेस."