'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स'बद्दल फिरणारा तो मेसेज

इंग्रज लेखक जे. बी. प्रीस्टली यांनी हे नाटक 1912 साली लिहून टायटॅनिकचं बुडणं आणि महायुद्ध आधीच सांगितलं, असा मेसेज फिरतोय. ईव्हा या कामगार मुलीच्या आत्महत्येबद्दल बर्लिंग कुटुंबाची चौकशी करणारा इन्स्पेक्टर शेवटी तोतया निघतो, म्हणून हे कुटुंब निर्दोष, असंही त्यात आहे.

नाटक घडतं 1912 मध्ये, पण लिहिलं गेलं दुसरं महायुद्ध संपत असताना. पहिला प्रयोग 1945 चा, सोव्हिएत संघात. 'जहाज बुडणार नाही, युद्ध होणार नाही' असं कारखानदार बर्लिंग छातीठोकपणे सांगतो. प्रेक्षकाला पुढचं माहीत असतं, म्हणून ते झोंबतं. भाकीत कसलं!

निर्दोषपणाचं म्हणाल तर संहिताच वाचा. आठवड्याला साडेबावीसऐवजी पंचवीस शिलिंग मागितले म्हणून ईव्हाला बर्लिंगने काढलं, हे तो स्वतः कबूल करतो. त्याची बायको धर्मादाय संस्थेत बसून गरोदर मुलीची मदत नाकारते. इन्स्पेक्टर खोटा ठरला तरी यातलं काही पुसलं जात नाही. मुलगी शीला नेमकं हेच घरच्यांना सुनावते. आणि शेवटचा फोन? एक मुलगी मेली आहे आणि आता पोलीस इन्स्पेक्टर चौकशीला येतोय, असं सांगणारा तो फोन मेसेजमध्ये सोयीस्करपणे गाळलाय.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.