बावन्न मिनिटांत कोल्हापूर

ठाण्याहून कोल्हापूरला निघायचं असेल तर एसटी, महालक्ष्मी एक्स्प्रेस असले जुनाट विचार आधी डोक्यातून काढा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय, तुम्हाला आता कसलीही सबब उरलेली नाही. मोबाईल घ्या आणि अंतरावरून उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दोन विमानतळांची नावं टाका. नवी मुंबई ते कोल्हापूर, सरळ रेषेत साधारण २९० किलोमीटर. असं गणित बहुधा जेटचा ताशी ८०० किलोमीटर वेग धरतं आणि टेकऑफ-लँडिंगला वर अर्धा तास टाकतं. झाली बावन्न मिनिटं. लगेच सासुरवाडीला फोन करून सांगा, मटण चढवा म्हणावं. मटणाला जास्त वेळ लागेल.

छोट्या मार्गांवर पुष्कळदा पंख्यांचं एटीआर विमान असतं आणि ते ताशी पाचशेच्या आसपासच जातं, असं कुणी शहाणा सांगेल. ऐकू नका. तो वाऱ्याचं, धावपट्टीवरच्या रांगेचं आणि आकाशात मारलेल्या घिरट्यांचंही सांगत बसेल.

गणिताचा खरा मोठेपणा असा, की ते कुणाला नाही म्हणत नाही. मुंबई विमानतळ ते नवी मुंबई विमानतळ टाकून बघा. सुमारे २४ किलोमीटर! हवेत दोन मिनिटं आणि चढण्या-उतरण्यात अर्धा तास. लोकलच्या प्रवाशाला हे प्रमाण नवं नाही. नाशिकचं ओझर ते सिंधुदुर्गचं चिपी टाका, जळगाव ते रत्नागिरी टाका, वेळ मिळेलच. तिथे विमान जातं का, हा प्रश्न क्षुद्र माणसांचा.

आता जमिनीवरचं किरकोळ काम. तुम्ही कासारवडवलीला राहता असं धरू. (ब्रोकरनं ‘ठाणे स्टेशनपासून वीस मिनिटं’ सांगितलं होतं ना? तोही सरळ रेषेतच मोजत असणार.) घोडबंदर रोडला लागा. मानपाड्यापर्यंत सगळं मनासारखं होईल, म्हणजे मन मोठं असेल तर. कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांकडे कौतुकानं बघा, तेवढा वेळ मिळतोच. माजिवड्याला पुलावरून जायचं की खालून, यावर ड्रायव्हरशी वाद घालू नका. दोन्हीकडे तेच आहे. कळव्यातून विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली शिरलात की गुगलबाई तांबडा रंग दाखवून गप्प बसतील. पुढे ठाणे-बेलापूर रोड, मग उलवे. एकूण अंतर कोल्हापूरच्या मानानं काहीच नाही. पण काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, तेव्हा दुपारच्या विमानाला सकाळचा चहा घरी घेऊ नका.

२०१६ मध्ये छोटी शहरं विमानानं जोडायची सरकारची उडान योजना आली, तेव्हा तासाभराच्या उड्डाणाच्या काही जागांना २,५०० रुपयांची मर्यादा ठेवली होती. तो तास अर्थातच हवेतला. विटाव्यातल्या तासाला मर्यादा नाही, कॅबचं मीटर बघा.

एकदा विमानात बसलात की खिडकीतून नीट बघून घ्या. सह्याद्री दिसेपर्यंत उतरायची घोषणा होईल.

परतीच्या दिवशी मात्र सावध राहा. तुम्ही सवयीनं चार तास आधी बॅग उचलाल आणि मेहुणा हसेल, “एवढ्या लौकर कशाला निघालाय दाजी? उजळाईवाडीच्या विमानतळावर ईस मिंटात सोडतो की!” आणि सोडेलही. त्याच्या वाटेत घोडबंदर नाही.