बाजारातल्या सुंगटांना (कोळंबीला) अंड्यांसाठी इंजेक्शन देतात का?

‘सुंगटं अंड्यावर यावीत म्हणून त्यांना मेंदूतल्या रसायनाची इंजेक्शनं देतात, खाऊ नका’ असा मेसेज गोव्यात फिरतोय. तो चुकीचा आहे.

कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते. तिचं संप्रेरक अंडाशयाची वाढ रोखून धरतं. सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं. सेरोटोनिन या वाढीला चालना देतं, डोपामिन तिला आवरतं. सेरोटोनिन टोचण्याचे प्रयोग झालेत, पण पैदाशीच्या माद्यांवर. हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथे, ही रोखणारी ग्रंथी जावी म्हणून बहुधा अशा मादीच्या एका डोळ्याचा देठच कापतात. हे क्रूर आहे. खरं तर बोलायला हवं ते यावर. खाण्यासाठी पाळलेली कोळंबी सहसा अंड्यावर येण्याआधीच काढतात. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतली) सुंगटं तर भरतीबरोबर मानशीतून, म्हणजे बांधाच्या पाणदारातून, आपसूक आत येतात.